चुकला तो तिसरा शॉट

एका पालकांनी विचारलं आहे: "मुलगा चौदा वर्षांचा आहे, ज्युनिअर स्पर्धा खेळतो. परवा त्याने १९९९ च्या ब्रिटिश ओपनचा व्हिडिओ पाहिला. जाँ व्हॅन द वेल्ड नावाचा फ्रेंच गोल्फर शेवटच्या होलवर तीन शॉटने पुढे असतो, तिथे सात घेतो, मध्येच बूट काढून ओढ्यात उतरतो आणि शेवटी हरतो. जो तो त्याला मूर्ख म्हणतो. तो खरंच इतका मूर्ख होता का? त्याने काय करायला हवं होतं? आणि त्या एका होलने त्याचं करिअर संपलं का?"

आधी थोडक्यात सांगतो. मूर्ख नव्हता. चूक केली, पण लोक ज्या शॉटवर बोट ठेवतात तिथे नाही. आणि करिअर संपलं नाही. खरं तर त्या होलच्या आधी फ्रान्सबाहेर त्याला ओळखणारे मोजकेच होते.

माझ्याबद्दल एवढंच की आठ वर्षं कॅडी, म्हणजे खेळाडूची बॅग उचलणारा, होतो, मग पंचवीस वर्षं शिकवतोय, आणि मधूनमधून स्पर्धांमध्ये रूल्सचं काम बघतो. त्यामुळे हा होल मी तिन्ही बाजूंनी बघितला आहे. क्लब हातात घेणाऱ्याच्या, क्लब काढून देणाऱ्याच्या, आणि काठावर उभं राहून ड्रॉप (अडकलेला बॉल नियमाप्रमाणे दुसऱ्या जागी हाताने सोडणं) कुठे घ्यायचा ते सांगणाऱ्याच्या.

कोण हा माणूस, ते आधी बघू. जन्म १९६६ चा, गाव माँ-द-मार्साँ. फ्रान्सच्या नैऋत्य कोपऱ्यातलं. तो पट्टा फ्रेंच गोल्फचं माहेर म्हणावा असा. जवळच्या पो शहरात १८५६ मध्ये युरोपच्या मुख्य भूमीवरचा पहिला गोल्फ क्लब निघाला, तोही हवापालटासाठी येणाऱ्या ब्रिटिशांसाठी. थोडं पलीकडे समुद्रकाठी बिआरित्झ. तिथला आर्नो मासी हा पोरवयात मासेमारीच्या होड्यांवर काम करायचा आणि साहेबांच्या बॅगा उचलायचा. त्याने १९०७ मध्ये इंग्लंडात होयलेकला जाऊन ब्रिटिश ओपन जिंकलं, दोन शॉटने. ब्रिटनबाहेरचा तो पहिला विजेता, आणि मेजर, म्हणजे गोल्फच्या सर्वात मोठ्या स्पर्धांपैकी एक, जिंकलेला आजवरचा एकमेव फ्रेंच पुरुष. पठ्ठ्याने मुलीच्या नावात होयलेक घातलं होतं. फ्रेंच बायकांनी मेजर जिंकल्या आहेत. कॅथरीन लाकोस्तने तर १९६७ मध्ये यूएस विमेन्स ओपन हौशी खेळाडू म्हणून जिंकलं. पुरुषांचं मात्र मासीवरच घोडं अडलंय. हे लक्षात ठेवा, कारण १९९९ च्या त्या संध्याकाळी व्हॅन द वेल्ड अठराव्या टीवर (होलचा पहिला शॉट मारायची जागा) उभा राहिला तेव्हा त्याच्या देशाची ब्याण्णव वर्षं त्याच्या मागे रांगेत उभी होती.

तो १९८७ ला प्रो झाला, १९८९ पासून युरोपियन टूरवर. १९९३ मध्ये रोमला प्लेऑफमध्ये एक स्पर्धा जिंकला. त्यानंतर १९९९ च्या ओपनपर्यंत टूरवरचा एकही विजय नाही. जागतिक क्रमवारीत १५२ वा. म्हणजे आपल्याकडे रणजी संघात वर्षानुवर्षं असणारा, कधीतरी शतक ठोकणारा, कार्ड (टूरवर खेळायचा हक्क) टिकवून संसार चालवणारा खेळाडू असतो ना, तसा. याला मी साधारण खेळाडू म्हणत नाही. टूरचं कार्ड दहा वर्षं टिकवणं काय असतं ते ज्याने क्वालिफाइंग खेळलंय त्याला विचारा. पण त्या वर्षी ओपनमध्येही त्याला थेट प्रवेश नव्हता. पात्रता फेरी खेळून तो मुख्य स्पर्धेत आला होता.

आणि कोर्स कसला, तर कार्नुस्टी. स्कॉटलंडचा पूर्व किनारा, ७,३६१ यार्ड, पार ७१, म्हणजे अठरा होलला अपेक्षित शॉट इतके. त्या वर्षी फेअरवे (मधला कापलेल्या गवताचा पट्टा) इतके अरुंद ठेवले होते आणि रफ (कडेचं गवत) इतकं वाढवलं होतं की भले भले रडकुंडीला आले. एकोणीस वर्षांच्या सर्जिओ गार्सियाने ८९ आणि ८३ मारले. पहिल्या दिवशी ७१ मारून आघाडीवर असलेला रॉड पँपलिंग दुसऱ्या दिवशी ८६ मारून कटच, म्हणजे दोन दिवसांनंतरची छाटणीच, चुकला. पहिल्या दिवसाचा आघाडीवीर शुक्रवारी संध्याकाळी बॅग भरतोय, असं सहसा बघायला मिळत नाही. अशा कोर्सवर आपला हा १५२ वा गडी ७५, ६८, ७० मारतो. तीन दिवसांनंतर बरोबर पारवर, आणि पारवर असलेला तो एकटाच. दुसऱ्या क्रमांकावरचे जस्टिन लेनर्ड आणि क्रेग पॅरी पाच शॉट मागे. पॉल लॉरी नावाचा ॲबर्डीनचा एक खेळाडू दहा शॉट मागे. त्याच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. क्रमवारीत १५९ वा, तोही पात्रता फेरीतूनच आलेला.

रविवारी व्हॅन द वेल्ड डळमळला. पॅरीने मध्ये एकदा त्याला गाठलंही, पण बाराव्या होलवर पॅरीच घसरला. लॉरी ६७ मारून +६ वर (पारपेक्षा सहा जास्त) खेळ संपवून क्लबहाउसमध्ये. लेनर्डही +६ वर. सतरा होल झाले तेव्हा व्हॅन द वेल्ड +३. अठरावा पार चारचा. म्हणजे सहा मारले तरी एका शॉटने ओपन खिशात.

मुलाला व्हिडिओ दाखवताना इथे थांबा आणि होलचा नकाशा कागदावर काढा. ४८७ यार्ड. बॅरी बर्न नावाचा ओढा सापासारखा वळत जातो. टीपासून फेअरवेवर जाताना एकदा आडवा येतो, उजवीकडून साथ करतो आणि ग्रीनच्या (होलभोवतालची गुळगुळीत हिरवळ) अगदी पुढ्यात पुन्हा आडवा होतो. काठ दगडी बांधलेला. डावीकडे आउट ऑफ बाउंड्स, म्हणजे कोर्सच्या हद्दीबाहेर. त्या दिवशी याच ओढ्याने लेनर्डलाही खाल्लं होतं. त्याचा दुसरा शॉट ग्रीनपुढच्या पाण्यात गेला आणि बोगी (पारपेक्षा एक जास्त) झाली. ती वाचली असती तर व्हॅन द वेल्डने सातमध्ये होल संपवूनही ओपन लेनर्डचंच झालं असतं. लेनर्डला त्यावरून कोणी मूर्ख म्हटल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

पहिला शॉट, ड्रायव्हर. इथेच बहुतेकांचा पहिला दगड पडतो: "तीनने पुढे असताना ड्रायव्हर?" माझ्या विद्यार्थ्याने तो काढला असता तर मीही कपाळाला हात लावला असता. लाँग आयर्न मारायचं, ओढ्याच्या दोन वळणांच्या मध्ये ठेवायचं, झालं. पण त्याच्या बाजूनेही ऐका. चार दिवस तो ड्रायव्हरच मारत होता, हात त्यालाच सरावला होता. नको तिथे सावध झालेला स्विंग अर्धवट होतो, आणि अर्धवट स्विंगचा बॉल डावीकडे आउट ऑफ बाउंड्स गेला तर सगळंच गेलं. त्याने डावी बाजू टाळली आणि बॉल इतका उजवीकडे गेला की सतराव्या होलच्या हद्दीत, ओढ्याच्या वळणाच्या आत जाऊन पडला. पाण्यापासून थोडक्यात वाचला. लायही (बॉल पडलेली जागा) बरी मिळाली. नशिबाने हात दिला, असंच म्हणायचं.

दुसरा शॉट, टू आयर्न. ग्रीन साधारण एकशे ऐंशी-नव्वद यार्डांवर, मध्ये ओढा. समालोचकांचे आवाज चढले ते इथे. वेज (जवळच्या उंच शॉटचा क्लब) घे, ओढ्याच्या अलीकडे ठेव, मग वेजने ग्रीनवर, तीन पट (ग्रीनवरचे हलके फटके) घातले तरी सहा. हिशेब बरोबर आहे. मी कॅडी असतो तर वेजच काढली असती. पण दुसरा हिशेबही आहे, आणि तो रूल्स माहीत असलेल्यालाच दिसतो. ग्रीनच्या उजवीकडे, ओढ्याच्या पलीकडे, प्रेक्षकांचं भलं मोठं स्टँड होतं. स्पर्धेपुरतं उभारलेलं स्टँड म्हणजे तात्पुरता अडथळा. बॉल त्यात किंवा त्याच्या आसपास अडकला तर फुकट ड्रॉप मिळतो, पेनल्टी नाही. थोडक्यात, ओढा ओलांडून उजवीकडे कुठेही गेला तरी तो ग्रीनपाशी ड्रॉप घेणार, चिप करणार, दोन पट घालणार, पाच. टू आयर्नने ओढा नक्की ओलांडतो आणि डावीकडचं आउट ऑफ बाउंड्सही लांब राहतं. यात वेडेपणा कुठे आहे, मला दाखवा.

बॉल उजवीकडे गेला, स्टँडकडेच गेला. आणि स्टँडच्या लोखंडी कठड्यावर आपटून उलटा आला. तिथून ओढ्याच्या दगडी भिंतीवर आपटला, पुन्हा उडाला, ओढा मागे टाकून अलीकडच्या गुडघाभर गवतात जाऊन बसला. स्टँडमध्ये हजारो माणसं, खुर्च्या, फळ्या, आणि बॉलला सापडला कठडा. अशी उसळी हजार वेळा मारून एकदा मिळणार नाही. हा शॉट मी चुकीचा धरत नाही. हा अपघात.

चूक झाली ती तिसऱ्या शॉटला, आणि नेमकं त्याबद्दल कोणी विचारत नाही.

आता जरा गवताकडे बघा. आपल्याकडे श्रावणात कोर्सच्या कडेला जे गवत माजतं, त्यात बॉल पडला की काय होतं ते तुमच्या मुलाला माहीत असेल. क्लबचं डोकं बॉलपर्यंत पोचायच्या आधीच पाती क्लबच्या मानेला गुंडाळतात. मान मागे ओढली जाते, टाच थांबते, टोक पुढे जातं, क्लबफेस मिटतो. वेग अर्धा होतो. वरून बघणाऱ्याला वाटतं माणसाने ताकद लावली नाही. प्रत्यक्षात मनगट सुन्न झालेलं असतं. अशा गवतातून समोर ओढा असताना उंच आणि पुढे, दोन्ही एकदम मिळवायला बघायचं म्हणजे नारळाच्या झाडावर चढताना दोन्ही हातांनी नारळ पकडण्यासारखं.

आता मोजा. दोन शॉट झालेत, सहाची मुभा आहे, म्हणजे हातात अजून चार. बॉल बाजूला, फेअरवेच्या दिशेने काढला असता तर तीन. तिथून वेजने ग्रीनवर चार. दोन पट, सहा. ओपन जिंकलं. आडवा काढणंही त्या गवतातून सोपं नव्हतं, मान्य. पण आडवं काढताना चुकलं तर बॉल गवतातच राहिला असता. पुढे मारताना चुकलं तर समोर पाणी होतं. त्याने पुढे मारला. क्लब गवतात अडकला, बॉल मेल्यासारखा उडाला आणि बॅरी बर्नमध्ये.

का मारला? माझा अंदाज सांगतो, तेहतीस वर्षांच्या अनुभवावरून. त्या कठड्याच्या उसळीनंतर त्याला शांत व्हायला वेळच मिळाला नाही. खराब शॉटनंतर माणूस सावध होतो. चांगल्या शॉटला वाईट फळ मिळालं की मात्र तो नशिबाशी भांडायला उठतो. मैदानावर मी हे शेकडो वेळा बघितलंय. पट होलच्या काठावरून निसटल्यानंतरचा टी शॉट बघा एकदा.

माझ्याच एका जुन्या दिवसाचं सांगतो. एका क्लबच्या स्पर्धेत मी एका साहेबांची बॅग उचलत होतो. दोन शॉटने पुढे, शेवटचा होल, ग्रीनपुढे नाला, पावसाळा. दुसऱ्या शॉटला बॉल गवतात. साहेबांनी मागे न बघताच हात पुढे केला आणि विचारलं, "काय रे, जाईल ना?" मी म्हटलं, "जाईल साहेब." बॉल बघितला होता मी. जाणार नव्हता. पण कॅडीला "जाईल साहेब" हे दोन शब्द बोलायची इतकी सवय असते की ते आपोआप निघतात. बॉल नाल्यात, स्पर्धा गेली. साहेब मला एक शब्द बोलले नाहीत, उलट चहा पाजला. तो चहा अजून घशाखाली उतरलेला नाही.

म्हणून व्हॅन द वेल्डच्या कॅडीला, क्रिस्तोफ आंजिओलिनीला, लोक जे बोल लावतात ते मला अर्धेच पटतात. कॅडीने बॅग धरून बसायला हवं होतं, क्लब द्यायचाच नाही, असं बोलणारे बहुतेक जण कधी कोणाचे कॅडी नव्हते. पण तिसऱ्या शॉटच्या आधी दोन मिनिटं वेळ काढता आला असता. हातमोजा बदल, पाणी पी, यार्डेज पुन्हा चालून बघ. काहीही करून त्या उसळीचा धक्का ओसरू द्यायचा. चांगल्या कॅडीची खरी कमाई तिथे असते. क्लब सांगायला काय, तो खेळाडूलाही कळतो.

आता ते पाण्यात उतरणं. जगाने हसून घेतलं ते या चित्रावर. बूट-मोजे काढलेले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, कमरेवर हात ठेवून एक माणूस ओढ्यात उभा. पण रूल्सच्या नजरेने बघा, तो विदूषकी करत नव्हता, बेरीज करत होता. पाण्यातून आहे तसा मारला तर तो चौथा शॉट. ग्रीनवर गेला तर दोन पट, सहा, ओपन. ड्रॉप घेतला तर पेनल्टी धरून चार, ग्रीनवर पाच, आणि मग एकाच पटमध्ये घालायला हवा. म्हणजे पाण्यातून मारला तर एक अख्खा शॉट वाचत होता. बॉलचा वरचा भाग आधी पाण्यावर दिसत होता. तो उतरून जवळ जाईपर्यंत बॉल खाली जात राहिला. मी विद्यार्थ्यांना सांगतो, अर्धा बॉल वर दिसत असेल तरच पाण्यातून मारायचा विचार करा, नाहीतर पाणी क्लबला भिंतीसारखं अडवतं. त्याने थोडा वेळ बघितलं आणि ड्रॉप घेतला. बरोबर निर्णय. सगळं अंगावर येत असताना, अनवाणी, थंड पाण्यात उभं राहून घेतलेला बरोबर निर्णय. हे कोणी बोलत नाही.

ड्रॉप ओढ्याच्या मागे, पुन्हा रफमध्येच. तेव्हा खांद्याच्या उंचीवरून बॉल सोडावा लागायचा. २०१९ पासून गुडघ्याच्या उंचीवरून सोडतात. माझ्या मते गवतात ड्रॉप घेणाऱ्यासाठी हा मोठा दिलासा आहे, खांद्यावरून पडलेला बॉल गवतात खोल रुतायचा. पाचवा शॉट ओढ्यापार गेला खरा, पण ग्रीनपासच्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात.

त्याच बंकरमध्ये पॅरीचाही बॉल होता. पॅरी आधी खेळला आणि थेट होलमध्ये घातला. कल्पना करा. आता तुम्हाला त्याच वाळूतून नुसता प्लेऑफ गाठायला दोन शॉट उरलेत, आणि शेजाऱ्याने आत्ताच एकात घातलाय. व्हॅन द वेल्डने बंकरमधून बॉल काढला, सहा-आठ फुटांवर ठेवला. आणि पट घातला. सात. २९०, तिघे बरोबरीत. पॅरी आणि आंखेल काब्रेरा एका शॉटने बाहेर.

प्लेऑफ चार होलचा होता, पंधरा ते अठरा. पहिल्याच होलवर व्हॅन द वेल्डने सहा घेतले, तिथेच तो मागे पडला. तरी सतराव्यावर बर्डी (पारपेक्षा एक कमी) मारली हं त्याने. लॉरीने सतरा आणि अठरा दोन्हीवर बर्डी घेऊन प्रश्नच मिटवला. अठराव्यावर त्याचा फोर आयर्न होलपासून हाताच्या अंतरावर थांबला, आणि तोही त्याच ओढ्यावरून मारलेला. दहा शॉट मागून येऊन मेजर जिंकणारा तोच. या सगळ्या गोष्टीत सर्वात मोठा अन्याय कोणावर झाला असेल तर तो लॉरीवर. ६७ आणि वर तो प्लेऑफ, आणि लोक विचारतात, त्या वर्षी जिंकलं कोण होतं हो?

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. करिअर संपलं का?

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो रायडर कपच्या (युरोप विरुद्ध अमेरिका) युरोप संघात होता, अमेरिकेत ब्रुकलाइनला. कर्णधार मार्क जेम्सने त्याला, यार्मो सांडेलिनला आणि अँड्र्यू कोल्टार्टला पहिले दोन दिवस बसवूनच ठेवलं. तिसऱ्या दिवशी थेट सिंगल्समध्ये (एकास एक सामने) उतरवलं आणि तिघेही हरले. व्हॅन द वेल्डला डेव्हिस लव्हने ६ आणि ५ ने, म्हणजे पाच होल उरले असताना सहाने पुढे जाऊन, धुतलं. दोन दिवस बाकावर बसून थंड झालेल्या माणसाला एकदम उकळत्या कढईत टाकल्यावर दुसरं काय होणार? युरोप एका गुणाने हरलं. लेनर्डच्या त्या लांबलचक पटने हरलं, म्हणजे कार्नुस्टीचे तिघेही त्या दिवशी पुन्हा एकाच मैदानावर होते, लॉरी धरून. लॉरी मात्र आपला सामना जिंकला.

पुढची दोन वर्षं तो अमेरिकेत पीजीए टूरवर खेळला. २००० मध्ये टूसॉनला संयुक्त दुसरा, त्याच वर्षी रीनोला प्लेऑफमध्ये स्कॉट व्हर्प्लँककडून हरला. आधीच्या सगळ्या कारकिर्दीत नव्हता इतका वर्षभर पहिल्या फळीत. मग गुडघ्याने दगा दिला आणि बराच काळ गेला. खेळ खालावला तो गुडघ्यामुळे. कार्नुस्टीवर त्याचं खापर फोडणं सोयीचं आहे, खरं नाही.

२००५ चं फ्रेंच ओपन मला कार्नुस्टीपेक्षा जास्त चटका लावतं. पॅरिसजवळ ल गोल्फ नासिओनाल, घरचं मैदान, घरचे प्रेक्षक. प्लेऑफ, समोर फ्रेंचच, जाँ-फ्राँस्वा रेमेसी. अठराव्याला पाणी, आणि बॉल पाण्यात. हरला. यावेळी हसायला जग जागं नव्हतं एवढाच फरक. पण पुढच्या वर्षी, २००६ मध्ये, मदेराला तो जिंकला. रोमनंतर तेरा वर्षांनी. गुडघ्याची कटकट, चाळिशीला आलेला, आणि कुठेही गेलं तरी लोक एकच प्रश्न विचारणार हे माहीत असलेला माणूस तेरा वर्षांनी स्पर्धा जिंकतो, याला संपलेलं करिअर म्हणतात का, तुम्हीच ठरवा.

स्वभाव मात्र बघण्यासारखा. १९९९ च्याच शेवटी एका पटर (पट मारायचा क्लब) कंपनीच्या जाहिरातीसाठी तो कार्नुस्टीला परत गेला आणि अठरावा होल टीपासून नुसत्या पटरने खेळला. तिसऱ्या प्रयत्नात सहा मारले. म्हणजे पटर घेऊन खेळला असता तर ओपन जिंकला असता, हा विनोद त्याने स्वतःवर स्वतःच करून घेतला, तोही पैसे घेऊन. पुढे ओपनच्या पात्रता फेरीत महिलांना प्रवेश मिळाला तेव्हा म्हणाला, मग मीही विमेन्स ब्रिटिश ओपनला अर्ज करतो, पायांवरचे केस काढून किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा घागरा) घालून येतो. हा विनोद मला फारसा आवडला नाही. पण २०१६ मध्ये पन्नाशी गाठल्यावर सीनियर ओपन नेमकं कार्नुस्टीला होतं, आणि तो तिथे जाऊन खेळला. मी असतो तर त्या आठवड्यात आजारी पडलो असतो.

आणखी एक गोष्ट मुलाला दाखवा. २००७ चं ओपन, पुन्हा कार्नुस्टी, पुन्हा अठरावा होल. पॅड्रेग हॅरिंग्टन एका शॉटने पुढे. ड्रायव्हर, बॅरी बर्न. ड्रॉप. पुढचा शॉट, पुन्हा बॅरी बर्न. दोनदा पाण्यात! तरी त्याने चिप आणि पट करून सहा केले, मागून येणाऱ्या गार्सियाचा पट काठावरून निसटला, प्लेऑफ झाला आणि हॅरिंग्टन ओपन विजेता. त्या सहाला आज सगळे धीराचा सहा म्हणतात. ओढा तोच, घाण तशीच. मी वर्गात दोन्ही स्कोअरकार्ड शेजारी ठेवतो, नावं झाकून, आणि पोरांना विचारतो यातला बावळट कोणता. बहुतेक पोरं दोनदा पाण्यात गेलेल्यावर बोट ठेवतात.

तुमच्या मुलासाठी काम असं. व्हिडिओ ओढ्यापाशी थांबवू नका, सगळे तिथेच थांबवतात. पुढे जाऊ द्या. बंकरमधल्या त्याच्या पायांकडे बघायला सांगा, वाळूत रुतवून किती सावकाश उभा राहतो ते. मग तो पट. चेंडूमागची त्याची नेहमीची तयारी तशीच आहे, एक क्षणही घाई नाही. गेल्या पंधरा-वीस मिनिटांत याच माणसाने काय भोगलंय ते माहीत असून बघा.

नंतर मैदानावर घेऊन जा. गवत माजलेली जागा शोधा, समोर नाला किंवा नुसती दोरी आडवी टाका. दहा बॉल समोर मारायला सांगा, दहा आडवे फेअरवेवर. प्रत्येक बॉल कुठे पडला ते त्याने स्वतः वहीत लिहायचं, तुम्ही नाही. आकडे काय येतील ते मला माहीत आहे, पण माझ्या सांगण्यावर त्याचा विश्वास बसायचा नाही, चौदा वर्षांचा आहे. आणि जुने बूट घालून पाठवा.